खिडकीतलं ऊन: आतला पडदा की बाहेरची सावली?

ऑफिसात पश्चिमेच्या खिडकीजवळ बसणाऱ्याचे दुपारी चारला काय हाल होतात, ते त्यालाच विचारा.

आतले ब्लाइंड्स, म्हणजे पट्ट्यांचे पडदे, स्वस्त, लावायला सोपे, डोळ्यांवरची तिरीपही थांबते. पण पट्टीला हात लावून पाहा, चांगली तापलेली लागते. ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. पट्टीची उष्णता खोलीतच राहते. मग एसी वाढवतात आणि खिडकीपासून लांब बसलेली मंडळी स्वेटर घालून काम करतात.

बाहेरची सावली ऊन काचेआधीच अडवते. खर्च जास्त, वाऱ्यापावसामुळे देखभालही आली. माथ्यावरच्या उन्हाला आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला मात्र उभ्या, फिरवता येणाऱ्या पट्ट्या हव्यात.

जागा भाड्याची असेल तर फिकट ब्लाइंड्स ठीक. स्वतःची इमारत असेल तर पैसा बाहेरच घाला.