फुल-स्लीव्ह वेटसूट, आठ महिन्यांनंतर: वेग किती, कटकट किती

शर्यतीचा वेटसूट (पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) थंडीसाठी असतो हा समज अर्धाच खरा. तो मुळात तरंगवतो. मी वापरला तो सूट छाती आणि मांड्यांवर 5 मिमी (ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा शर्यतीच्या, नियमात याहून जाड चालत नाही), खांद्यांवर 1.5 मिमी, वरून सिलिकॉनचा गुळगुळीत थर. निओप्रीनमधल्या (सुटाच्या फोमसारख्या रबरातल्या) बारीक बुडबुड्यांमुळे कंबर आणि पाय वर येतात, पाण्याचा रोध घटतो. 1989 च्या एका प्रयोगात सेकंदाला सव्वा मीटर वेगाने पोहताना हा रोध सुमारे 14 टक्क्यांनी कमी भरला होता. वेळ मात्र तेवढ्या प्रमाणात वाचत नाही. ज्याचे पाय बुडतात त्याची चांदी. ज्याचं शरीर आधीच पाण्यात आडवं राहतं, त्याला फायदा थोडाच.

किक बदलावी लागते. नेहमीसारखी जोरात मारली तर टाचा पाण्याबाहेर फटफटतात. टू-बीट किक, म्हणजे दोन्ही हातांच्या एका फेरीत दोनच लाथा, पुरते.

खरी मेख घालण्यात आहे. घाईत घातला की पहिल्या 500 मीटरमध्येच खांदे भरून येतात, आणि दोष सुटाला दिला जातो. पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय सरकवा. खालची कड घोट्याच्या चार बोटं वर ठेवा. मग घोट्यापासून थोडं थोडं कापड वर ओढत न्या, जांघेत पोकळी राहता कामा नये. तिथे बोटभर जागा राहिली तर तो ताण थेट खांद्यावर येतो. बाह्याही तशाच काखेपर्यंत वर घ्या; खांद्यावर सैल घडी पडली की समजायचं, जमलं. पकडताना बोटांची पेरं वापरायची, नखं नाहीत. सगळ्याला दहा मिनिटं लागतात.

माप वजनावरून आधी, उंचीवरून नंतर. कोरड्यात छातीला आवळल्यासारखा वाटला तर घाबरू नका, पण गळ्यातून सतत पाणी शिरत असेल तर सूट मोठा आहे. पाण्यात उतरल्यावर गळा ताणून थोडं पाणी मुद्दाम आत घ्या. आवळ कमी वाटते.

मानेची कातडी सोलते, खाऱ्या पाण्यात तर हमखास. घासू नये म्हणून मिळणारा बाम लावा. व्हॅसलीन नको, पेट्रोलियममुळे निओप्रीन आणि त्याचा गोंद खराब होतो.

आता पैशाचा प्रश्न. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये हौशी स्पर्धकांना सूट पाण्याचं तापमान 24.5 अंश सेल्सिअस असेपर्यंत चालतो. त्यावर परवानगी मिळालीच तरी बक्षिसावर पाणी सोडावं लागतं, आणि 28.8 च्या वर बंदीच. म्हणून गोव्याच्या 70.3 मध्ये (अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनमध्ये) मिरामारच्या कोमट समुद्रातले 1.9 किमी सुटाशिवायच पोहायचे असतात. मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धेसाठीही हा खर्च करू नका. युरोपातल्या थंड तळ्यातली शर्यत ठरली असेल तरच घ्या. इंग्लिश खाडीचं स्वप्न असेल तर विसराच, तिथल्या पारंपरिक नियमात साधा पोहण्याचा पोशाखच चालतो. आपल्याकडच्या 28-29 अंशांच्या तलावात सराव करायचा तर पहाटे, तोही 15-20 मिनिटंच. अंग तापून चक्कर येते.

आठ महिन्यांत सुटाला नखांच्या चंद्रकोरीसारख्या चिरा चार पडल्या. निओप्रीनचा गोंद दोन्ही कडांना पातळ लावायचा, चिकट होईपर्यंत थांबायचं, गोंदाचा दुसरा थर देऊन दाबून धरायचं. सूट धुवायचा गार गोड्या पाण्यात, वाळवायचा उलटा करून सावलीत. हँगरवर कमरेतून दुमडून टाका; खांद्याने टांगला तर ओल्या वजनाने खांदेच ताणतात. पावसाळ्यात मात्र दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही कुबट वास राहतोच.