सागाचे रनर, बडोद्यातल्या दोन पावसाळ्यांनंतर

माझ्या क्रॉसकट स्लेजला, म्हणजे टेबल सॉवर लाकूड काटकोनात कापायच्या प्लायच्या सरकत्या पाटाला, आजवर तीन जातींचे रनर (टेबलाच्या खाचांतून सरकणाऱ्या पट्ट्या) लावून झाले. नायलॉन दोन महिन्यांत काढलं, पांढरं प्लास्टिक नऊ महिने टिकलं आणि सागाच्या पट्ट्यांना आता 15 महिने होतील. माझं काम कारेलीबागेत गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. मे महिन्यात तिथे भट्टी पेटते आणि जुलैत फडक्यालासुद्धा बुरशी धरते. त्यामुळे थंड, कोरड्या देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून जे केलं, ते इथे फसलं.

सॉ 10 इंची. टेबलाच्या खाचा पाऊण इंची, म्हणजे कागदावर 19.05 मिमी. माझ्या खाचेत व्हर्नियर 19.10 दाखवतो.

पहिलं नायलॉन मकरपुऱ्याच्या एका दुकानातून आणलं. "कधी काही होणार नाही, घ्या," असं सांगून दिलं होतं. मेअखेरीला 18.98 वर घासून बसवलं तेव्हा स्लेज लोण्यासारखी सरकत होती. जुलैच्या मध्यात ती अर्ध्यावर अडली. पट्टी काढून मोजली तर 19.11! नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. अडलेली स्लेज ही नुसती कटकट नसते. आपण नकळत जोर लावतो, ती एकदम सुटते आणि हात पात्याच्या दिशेने जातो. त्या दिवशी माझा अंगठा पात्यापासून चार बोटांवर थांबला. तेव्हापासून रनर हा विषय मी हलक्यात घेत नाही.

मग यूएचएमडब्ल्यू, म्हणजे चॉपिंग बोर्डासारखं दिसणारं ते गुळगुळीत पांढरं प्लास्टिक. हे पाणी पीत नाही आणि सरकतं झकास. पहिल्याच दिवशी मात्र अडकलं, आणि चूक माझी होती. शंकूसारख्या डोक्याचे स्क्रू आवळले की ते पाचरीसारखे आत शिरतात आणि पट्टीच्या कडा फुगवतात. दोन स्क्रूंच्या मध्ये 18.95 आणि स्क्रूजवळ 19.15, इतका फरक पडला होता. सपाट बुडाच्या डोक्याचे स्क्रू सपाट खळग्यात बसवले, बेताने आवळले आणि प्रश्न सुटला. हिवाळा छान गेला.

मे महिन्यात दुसरंच दुखणं निघालं. हे प्लास्टिक तापलं की लांबीत बरंच वाढतं. 600 मिमीच्या पट्टीत 20 अंशांना दीड-दोन मिमी सहज. दोन्ही टोकं प्लायला जखडलेली, मग वाढ जाणार कुठे? पट्टीला लाट आली आणि स्लेज दुपारी एक माप देई, सकाळी दुसरं. मधला एकच स्क्रू पक्का ठेवून बाकीची भोकं लांबट करता आली असती. लहान स्लेजला मी आजही हेच प्लास्टिक सुचवेन. पण मोठ्या स्लेजवरून माझं मन उडालं. ॲल्युमिनियम एका मित्राकडे वापरून पाहिलं. ओलाव्याची काळजी नाही, पण फिक्या लाकडावर काळी भुकटी लागते आणि ती पॉलिशखाली कायमची राहते.

सागाकडे वळलो ते वडिलांच्या स्नेह्यांमुळे. अण्णा आयुष्यभर सुतारकामात. त्यांच्याकडे दांडिया बाजारातल्या एका पाडलेल्या घराची चौकट पडून होती. मी पट्टी उचलली, तर म्हणाले, "अरे, आधी लाकडाचं तोंड बघ. रेघा उभ्या असतील तरच घे." त्या एका वाक्यात सगळं आलं. ओलं लाकूड पार सुकेपर्यंत साग वाढीच्या वर्तुळांच्या, म्हणजे कापलेल्या तोंडावर दिसणाऱ्या रेघांच्या, दिशेने साधारण 5 ते 6 टक्के आक्रसतो, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. तोंडावर रेघा उभ्या असल्या की रनरच्या रुंदीत हीच कमी हलणारी दिशा येते. लातीतल्या, म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या, नव्या मालापेक्षा चौकटीचं मुरलेलं लाकूड मला बरं वाटलं. फक्त खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच.

जाडी साडेआठ ठेवली, खाच साडेनऊ खोल, म्हणजे रनर बुडाला टेकत नाही. खाचेत वॉशर ठेवून पट्ट्या टेबलाच्या वर किंचित आणल्या, फेविकॉल लावला, प्लाय फेन्सला (सॉच्या टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला) टेकवून वर ठेवला आणि वजन देऊन रात्रभर सोडलं. दुसऱ्या दिवशी वरून चार स्क्रू, आधी भोकं पाडून. स्लेज चार-पाच वेळा सरकवून उलटी केली की जिथे घासतं तिथे काळपट, चमकदार डाग दिसतात. तेवढ्याच जागी हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने दोन हलके ओढे द्यायचे आणि पुन्हा सरकवून बघायचं. कानस घेऊन सबंध कड घासायची नाही, त्याने नुसता सैलपणा येतो. दोन्ही रनर घट्ट बसवायचा हट्टही नको. डावा नेमका ठेवला आणि उजवा केसभर सैल. नंतर लाखेच्या पॉलिशचे दोन हात आणि वर मेणबत्तीचं मेण. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही.

आता आकडे. पहिल्या ऑगस्टमध्ये डावा रनर 19.04, जानेवारीत 18.97, या ऑगस्टमध्ये पुन्हा 19.04. खाच 19.10 आहे, त्यामुळे भर पावसातही स्लेज एका हाताने सरकते. जानेवारीत जरा सैल वाटली, म्हणून पाच कापांची चाचणी केली. एकाच फळीच्या चार बाजू फिरवत कापायच्या, पाचव्या कापाच्या पट्टीची दोन्ही टोकं मोजायची आणि फरकाला चारने भागायचं. 400 मिमीच्या पट्टीत फरक 0.16 आला, म्हणजे काटकोनाची चूक 0.04 मिमी. फ्रेम आणि खोक्यांच्या कामाला एवढं मला पुरतं.

मेण मात्र दर दोन महिन्यांनी लावावं लागतं, आणि पावसाळ्यात दर महिन्याला. चौकटीचा उरलेला हातभर तुकडा शेडमध्ये आडवा टेकवून ठेवलाय. मायटर स्लेजचे (45 अंशांत कापायच्या स्लेजचे) रनर त्यातूनच निघतील.