पत्रा की ओतीव? ठासणीच्या रायफलीचा पितळी साज घडवण्याआधी

ग्वाल्हेरच्या लष्करमध्ये मामेभावाच्या वाड्यात, दिवाणखान्याच्या भिंतीवर एक ठासणीची रायफल टांगलेली आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचंच हे गाव झालं, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत भिंतीवर हत्यार दिसणं नवलाचं नाही. ही रायफल टोपीदार आहे (घोडा छोट्या स्फोटक टोपीवर आपटला की बार उडतो), देशी कारागिराच्या हातची. दारू ठासायचा गज अडकवायची दोन्ही नळकांडी गेलेली, चापाखालची कमान मधोमध तडकलेली, आणि दस्त्याच्या पितळी पाठीच्या जागी कुणीतरी तुपाचा डबा कापून खिळ्यांनी ठोकलाय. गणपतीत गेलो तेव्हा भाऊ म्हणाला, “दादा, तुझा जन्म टूलरूममध्ये गेला. हा साज तू पत्र्यातून ठोकून देशील, की ओतून घेऊ?”

मी तेव्हा “ओतून घे, सुटशील” म्हणालो. नंतर दोन्ही करून पाहिलं, आणि ते उत्तर अर्धंच बरोबर निघालं. तुमच्याकडे अशी एखादी बंदूक असेल आणि हाच प्रश्न पडला असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी एक तपासणी. गज नळीच्या तोंडातून आत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा. मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा, टोक कुठवर पोचतं ते. टोपी बसते त्या बोंडीच्या आसपास पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी ठासलेलं आहे, आणि कोरड्या नळीतली काळी दारू दशकानुदशकं जिवंत राहते. अशी शंका आली तर काम तिथेच थांबवा, बंदुकीजवळ दिवासुद्धा नेऊ नका. आत काही नसलं तरी तापवायचं काम बंदुकीपासून लांब, दुसऱ्या खोलीत. आणि बंदूक दुरुस्त करायला 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवाना लागतो; ठासणीची म्हणून ती आपोआप सुटत नाही. नळी, घोडा, चाप, बोंडी हे परवानेवाल्या कारागिराचं काम. कागदपत्रांचं आधी जिल्हाधिकारी कचेरीत विचारून घ्या. मी बोलतोय ते फक्त वरच्या साजाबद्दल.

आता पत्रा. एक मिलिमीटरचा पितळी पत्रा, लाकडी मोगरी, एक गोल सळई आणि तुकडा आवळून धरायचा शेगडा (आमच्याकडे सगळे त्याला बांकच म्हणतात) एवढ्यावर गजाचं नळकांडं होतं. हिशेब असा: गज दहा मिलिमीटरचा असेल तर साडेदहाची सळई घ्यायची. पत्र्याची जाडी धरून घेर छत्तीस मिलिमीटरच्या आसपास येतो. खाली लाकडात शिरणाऱ्या दोन पाळ्यांना सात-सात मिलिमीटर, म्हणजे पट्टी पन्नासची. सळईभोवती वाकवा, पाळ्या शेगड्यात आवळा, टाकणखार लावून चांदीचं झाळण सोडा, आडवं भोक पाडा, झालं. मला पहिल्याला दोन संध्याकाळी लागल्या, दुसऱ्याला दीड तास.

पितळेचा स्वभाव मात्र आधी ओळखून घ्यावा लागतो. ठोकलं की ते कडक होत जातं, आणि तुम्ही ऐकलं नाहीत तर तडकतं. म्हणून दर काही फेऱ्यांनी ते मंद लाल होईपर्यंत तापवायचं. पोलादाच्या उलट, त्यानंतर पाण्यात बुडवलंत तरी पितळ मऊच राहतं. हे दुपारच्या उजेडात करू नका, रंग दिसत नाही आणि हात पुढे जातो. जास्त तापलेल्या पितळेचा कण मोठा होतो आणि वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. मी दिवेलागणीनंतर, बल्ब बंद करून तापवतो. सौभाग्यवतींना हा प्रकार अजून पसंत नाही.

पत्रा विकत घेतानाही फसगत होते. मी एकदा दुकानातून पितळेची चपटी पट्टी आणली, कमान वाकवायला घेतली, आणि काटकोन व्हायच्या आत ती बिस्किटासारखी मोडली. परत गेलो तर मालक म्हणाला, “भाईसाहब, पीतल तो पीतल है.” नाही. लेथवर कातायच्या पितळेत तीनेक टक्के शिसं घातलेलं असतं, म्हणजे किस मोकळा तुटतो. ते थंड वाकवायला निरुपयोगी. वाकवायचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं नि तीस भाग जस्त, किंवा फार तर त्रेसष्ट-सदतीस. दुकानदाराला नुसतं ‘पितळ’ म्हणू नका. एक तुकडा मागा, तिथेच दुमडून बघा.

पत्र्याची आणखी एक खोड आहे, आणि ती कळल्यापासून मी घडवलेलं पितळ नुसतं पॉलिश करून कधी दिलं नाही. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात ठेवल्या ठेवल्या चिरत. तबेल्याच्या आसपास साठवलेली विशेष करून. सुरुवातीला दोष हवेला दिला गेला. नीट उलगडा 1921 मध्ये झाला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, ओल, आणि ठोकताना-ओढताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की चीर पडते. पितळ वरून चकचकीत दिसतं आणि आतून कणांच्या सीमांवर उलत जातं. भावाच्या मागच्या अंगणात आजही दोन म्हशी आहेत, आणि रायफल त्याच भिंतीच्या अलीकडे. उपाय साधा आहे. घडवून झाल्यावर वस्तू अडीचशे ते तीनशे अंशांवर तासभर ठेवायची. ताण निघून जातो, कडकपणा बहुतेक टिकतो. आणि अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश तिला लावायचं नाही. ओतीव तुकड्यात असा ताण फारसा नसतोच. मी ओतीवाला जे थोडे गुण देतो त्यातला हा पहिला.

दुसरा गुण म्हणजे जाडी. चापाखालची कमान एका ठिकाणी अडीच मिलिमीटर, दुसरीकडे पाच, टोकाला निमुळती, मध्ये फुगीर. दस्त्याची पाठ तर त्याहून अवघड: खालून वर येते आणि वरच्या कोपऱ्यावरून दस्त्याच्या माथ्यावर दुमडते. हा कोपरा एका पत्र्यातून ठोकून काढणं म्हणजे नऊवारीच्या निऱ्या लोखंडात घालण्यासारखं आहे. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली गोळा होते, आणि सगळ्यात जास्त घासली जाणारी जागा सगळ्यात पातळ होते. मी दोन तुकडे करून कोपऱ्यावर झाळले. दिसायला बरं दिसलं, पण पॉलिश जुनं व्हायला लागलं तशी झाळणाची पांढुरकी रेघ वर आली.

मग ओतीव सरळसोट का नाही? कारण लोक म्हणतात तेवढं ते सोपं नाही. जुना तुकडा वाळूत दाबून साचा केला की पहिली अडचण आकाराची: पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आक्रसतं. 120 मिलिमीटरची पाठ जवळजवळ दोन मिलिमीटरनी तोकडी येते, त्यावर कानस चालली की आणखी. लाकडाची कड उघडी पडते, आणि ते कुठल्याच पॉलिशने झाकत नाही. म्हणून जुन्या तुकड्यावर मेणाचा थर चढवून मगच तो साच्यात घालायचा, किंवा लाकडाचा नमुना मुद्दाम थोरला करायचा. दुसरी अडचण आतली. पहिली कमान मी एका ओतकामवाल्याकडून आणली, तीन संध्याकाळी घासली, आणि शेवटच्या कानशीला बरोबर दर्शनी बाजूला टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांची रांग उघडी पडली. भरून पाहिली, रंग जुळला नाही. टाकून दिली. तेव्हापासून एका तुकड्याच्या जागी तीन ओतून घेतो.

घरच्या अंगणात स्वतः ओतायचा मोह होतो, विशेषतः रील बघून. जस्त 907 अंशांवर उकळतं, आणि पितळ वितळतंच त्याच्या आसपास. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. हे काम ओताऱ्याकडेच राहू द्या.

वेळेचा हिशेब लोक उलटा मांडतात. पत्र्यात वेळ हातोडीला जातो, ओतीवात कानशीला, आणि माझ्या अनुभवात कानस जास्त खाते. ओतीव कमान साच्यातून येते ती खरखरीत, कडा बोथट, धातू ओतायच्या तोंडाचा गठ्ठा तसाच. कानस नवी घ्या. लोखंडावर चाललेली कानस पितळेवर नुसती घसरते, म्हणून नवी आधी पितळेला वापरायची आणि धार गेली की लोखंडाला द्यायची. दातांवर खडू घासला की किस अडकत नाही.

जुन्या मंडळींनी दोन्ही मिसळूनच केलं आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाच्या लँकेस्टरकडच्या लांब रायफली बघितल्या तर कमान नि पाठ बहुधा ओतीव, आणि गजाची नळकांडी, दस्त्यातल्या कप्प्याचं बिजागरीचं झाकण पत्र्याचं. उत्तर अमेरिकेत फरच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या स्वस्त बंदुकांना दस्त्याची पाठ म्हणून सपाट पितळी पट्टी ठोकून देत. कोपऱ्याचा प्रश्नच त्यांनी मिटवला! 1853 च्या एनफील्डवर पाठ, कमान नि लाकडाच्या पुढच्या टोकावरची टोपी पितळेची, पण नळीचे पट्टे लोखंडी.

लोखंडाचं म्हणाल तर ते निवडायचं नसतं, बंदूकच सांगते. साज काढल्यावर लाकडावर काळा डाग असेल तर तिथे लोखंड होतं, हिरवट असेल तर पितळ. सेंट लुईसच्या हॉकेन रायफलींसारखा सगळा साजच लोखंडी असेल, तर मऊ पोलादी पत्रा पितळेपेक्षा जास्त सोसतो. फक्त गंज सांभाळा.

तेव्हा माझा सल्ला तुकड्यागणिक वेगळा आहे. नळकांडी, पुढची टोपी, कप्प्याचं झाकण आणि घोड्याच्या विरुद्ध बाजूची चपटी पट्टी पत्र्यातून करा, आणि सुरुवात नळकांड्यापासूनच करा. पहिलं बिघडलं तर विशेष काही गेलं नाही. कमान तडकलेली पण पूर्ण असेल तर तुकडे मेणाने जोडा, वर थर चढवा आणि ओतून घ्या. अर्धी हरवली असेल आणि मूळ आकार कुणालाच माहीत नसेल, तर तीन मिलिमीटरच्या पट्टीची साधी कमान वाकवा. कल्पनेतून केलेल्या नक्षीदार ओतीव कमानीपेक्षा ती बरी. पाठ मात्र ओतीवच, आणि ती बसवताना लाकूड तासू नका. पितळ लाकडाला जुळवायचं, लाकूड पितळेला नाही. पाठीमागे काजळी लावून टेकवा, जिथे काळं उमटेल तेवढंच घासा. माझ्या भावाच्या रायफलीला असं चाळीसेक वेळा टेकवावं लागलं.

रंगासाठी एकच गोष्ट: जुना तुकडा नव्यासारखा चमकवू नका, नवा जुन्यासारखा होऊ द्या. आमची कमान गणपतीनंतर बसवली, होळीपर्यंत ती हाताच्या घामाने आणि धुळीने बऱ्यापैकी काळवंडली. तुपाचा डबा भावाने फेकला नाही. तो म्हणतो, त्यावरची अक्षरं आजोबांच्या वेळची आहेत.