फेनवे, रिग्ली की ओरॅकल पार्क? एकच बेसबॉल सामना पाहायचा असेल तर

अमेरिकेत मुलांकडे राहायला किंवा शिकायला गेलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी एकदा तरी बेसबॉलचा सामना मैदानावर जाऊन पाहावासा वाटतो. तिकीट, प्रवास आणि तीनेक तासांची बैठक यांचा हिशेब केला, तर बहुतेकांना ही हौस एकदाच परवडते. म्हणून बॉस्टनचे फेनवे पार्क, शिकागोचे रिग्ली फील्ड आणि सॅन फ्रान्सिस्कोचे ओरॅकल पार्क यांपैकी कोणते निवडावे, याचा हा विचार आहे. घरातून जे जवळ असेल तिथेच बहुतेक जण जातील हे उघड आहे. ज्यांना प्रवासाचा बेत मैदानाभोवती आखता येतो, त्यांना पुढील तपशील अधिक उपयोगी पडेल.

बेसबॉलच्या मैदानाचा आतला भाग नियमाने बांधलेला असतो. दोन बेसमधील (बॅटरने धावत गाठायच्या थांब्यांमधील) अंतर ९० फूट आणि होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) पट्टीपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, हे सगळीकडे सारखेच असते. बाहेरचे कुंपण कुठे, किती उंच आणि कसे वळणारे असावे, यात मात्र बरीच मोकळीक आहे. क्रिकेटची सीमारेषाही मैदानागणिक बदलते, पण तिथे दोर आत-बाहेर सरकवता येतो आणि दोराला लागलेला चेंडू चौकार ठरतो. इथे सीमा म्हणजे पक्की भिंत असून तिच्यावर टप्पा घेऊन मागे आलेला चेंडू खेळातच राहतो. तेव्हा मैदान निवडताना पाहायची ती ही भिंत आणि ती खेळाशी काय करते हे. खाद्यपदार्थांचे स्टॉल आणि मोठे पडदे आता सगळीकडेच आहेत.

या कसोटीवर फेनवे सर्वांत पुढे आहे. एप्रिल १९१२ मध्ये उघडलेले हे मैदान शहराच्या एका वेड्यावाकड्या तुकड्यावर बसवलेले आहे. डाव्या बाजूला लॅन्सडाउन रस्ता आडवा आल्यामुळे तिकडे अंतर तोकडे पडले, आणि ते भरून काढायला आज ३७ फूट उंचीची भिंत उभी आहे. १९४७ साली जाहिराती पुसून तिला हिरवा रंग दिला गेला, आणि पुढे ‘ग्रीन मॉन्स्टर’ हे नाव रूढ झाले. होम प्लेटपासून ती फक्त ३१० फुटांवर असल्याने दुसऱ्या मैदानावर आरामात झेलला गेला असता असा उंच फटका इथे भिंतीवर आदळून बॅटरला दोन बेस मिळवून देतो. उलट, इतरत्र होमरन (कुंपणापलीकडे जाणारा, षटकारासारखा फटका) ठरला असता असा सपाट, जोरकस फटका भिंतीला थडकून परत येतो आणि बॅटर पहिल्या बेसवरच अडकतो. नवख्या प्रेक्षकाला नियम फारसे ठाऊक नसले, तरी भिंतीचा हा दुटप्पी न्याय दोन-तीन इनिंगमध्ये (दोन्ही संघांच्या एकेका पाळीच्या फेऱ्यांत) डोळ्यांनीच कळतो. इथे डाव्या बाजूला क्षेत्ररक्षण करणारे बॉस्टनचे जुने खेळाडू कार्ल यास्त्रेम्स्की यांची ख्याती फटकेबाजीइतकीच या भिंतीवरून उसळणारा चेंडू अचूक ओळखण्याबद्दलही होती.

भिंतीच्या पायथ्याशी असलेला धावफलक आजही हाताने चालवला जातो. त्याचे कर्मचारी अक्षरशः भिंतीच्या पोटात बसतात आणि सुमारे सोळा इंच लांबी-रुंदीच्या आकड्यांच्या पाट्या चौकटींत अडकवतात. फलकावरील उभ्या पांढऱ्या पट्ट्यांवर ठिपके आणि रेघा दिसतात. ती पूर्वीचे मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची मोर्स लिपीतली आद्याक्षरे आहेत. दुर्बीण असेल तर जरूर पाहावीत.

फेनवेचे दोषही तितकेच जुने आहेत. छताला आधार देणारे खांब काही जागांसमोर थेट आड येतात, लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, आणि उजव्या बाजूच्या बऱ्याच जागा होम प्लेटकडे तोंड करून नसल्यामुळे सामनाभर मान वळवून बसावे लागते. गुडघे दुखत असतील, तर स्वस्त तिकिटाचा मोह टाळावा.

रिग्ली फील्ड १९१४ चे, म्हणजे फेनवेहून दोनच वर्षांनी धाकटे आहे. इथे भिंतीपेक्षा वारा मोठा. मिशिगन सरोवर जवळ असल्याने वारा आत वाहत असेल तेव्हा चांगले फटके हवेतच मरतात, आणि बाहेर वाहत असेल तेव्हा वाटेल ते होऊ शकते. मे १९७९ मधील अशाच एका सामन्यात फिलाडेल्फियाने रिग्लीच्या यजमान संघाला, शिकागो कब्सना, २३–२२ असे हरवले होते. आउटफिल्डच्या (मैदानाच्या बाहेरच्या भागाच्या) विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेली आयव्हीची वेल आहे. चेंडू तिच्यात अडकला, तर क्षेत्ररक्षक हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. चेंडू शोधायला त्याने वेलीत हात घातला, तर खेळ चालूच राहतो. मात्र एप्रिलमध्ये ही वेल उघडी, काटक्यांसारखी असते आणि सरोवरावरून बोचरा वारा येतो, म्हणून जूननंतरच जावे. या मैदानावर ऑगस्ट १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, आणि माझ्या मते आजही इथला सामना दुपारचाच पाहावा. सामना संपल्यावर लगेच उठू नये: कब्स जिंकले तर धावफलकावर पांढरा आणि हरले तर निळा झेंडा चढतो, तो उन्नत रेल्वेने जाणाऱ्यांनाही निकाल सांगतो. खांबांचा त्रास इथेही आहे.

ओरॅकल पार्क २००० साली उघडले. त्याच्या आठ वर्षे आधी बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्सने गोल, काँक्रीटच्या बहुउद्देशीय स्टेडियमांचा कंटाळा मोडून विटांचे, वाकड्या आकाराचे मैदान पुन्हा रूढ केले होते, आणि ओरॅकल त्याच वंशातले आहे. अशा नव्या मैदानांत वेडेपणा बहुधा हौसेने घातलेला असतो. इथे मात्र उजवीकडे खरोखरच पाणी आहे. त्या बाजूचे कुंपण ३०९ फुटांवरच आहे, पण भिंत २४ फूट उंच असून हा आकडा सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा थोर खेळाडू विली मेझच्या जर्सीचा आहे. तिच्यावरून गेलेला फटका मकोव्ही कोव्ह या भिंतीलगतच्या खाडीच्या भागात पडू शकतो, आणि तिथे लोक कयाक घेऊन वाट पाहत असतात. याच संघाचा फटकेबाज बॅरी बाँड्सने तिथे ३५ वेळा चेंडू बुडवला. भिंत आणि गार, जड हवा यांमुळे इतरांना ते फारसे जमत नाही, म्हणून पाण्यात पडणारा चेंडू पाहायला मिळेलच या आशेवर तिकीट काढू नये.

सोयीच्या बाबतीत ओरॅकल निर्विवाद सरस आहे. खांब आड येत नाहीत, खुर्च्या ऐसपैस आहेत, वरच्या मजल्यावरून खाडी दिसते, आणि सनीव्हेल किंवा माउंटन व्ह्यूहून कॅलट्रेनने आलेल्याला शेवटच्या स्थानकावरून थोडेच चालावे लागते.

तर निवड अशी करावी. खेळ समजून घ्यायची खरी उत्सुकता असेल तर फेनवे, आणि तिथे होम प्लेट व तिसऱ्या बेसच्या मधल्या खांबमुक्त जागा घ्याव्यात. भिंत एका बाजूने दिसते आणि उडालेला चेंडू तिच्याकडे जाताना पुरता पाहता येतो. सुट्टीची एक उन्हाची दुपार निवांत घालवायची असेल, तर रिग्ली. सोबत वयस्क आईवडील किंवा लहान मूल असेल, तर दुसरा विचार न करता ओरॅकल. फक्त जुलैच्या रात्रीसाठीही जाड स्वेटर घ्यावा. तिथे आयत्या वेळी तिकीट मिळाले नाही, तर पाण्याकाठच्या पदपथावर यावे. उजव्या भिंतीतल्या कमानींमधून सामना फुकट पाहता येतो, मात्र गर्दी असेल तर तीन इनिंगनंतर मागच्यांना जागा द्यावी लागते.