ट्रम्पेटची रियाजाची पुस्तकं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी माझी कुवत सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. शाळेच्या बँडपथकात ब्युगल वाजवला, मग पंचवीस वर्षं काहीच नाही, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी सेकंडहँड ट्रम्पेट घेतला. महिन्यातून दोनदा बँडमधल्या एका मास्तरांकडे जातो, बाकी सगळं घरी, पुस्तकांच्या भरवशावर.

पहिलं पुस्तक अर्थातच आर्बन, म्हणजे त्याच नावाच्या फ्रेंच कॉर्नेटवादकाचं. १८६४ साली पॅरिसमध्ये निघालेलं, मुळात कॉर्नेट आणि सॅक्सहॉर्न या ट्रम्पेटच्या भावंडांसाठी लिहिलेलं, तीनशेच्या वर पानं. मी पान एकपासून सुरू केलं आणि रोज तासभर सलग वाजवायला लागलो. दुसऱ्या आठवड्यात वरचा ओठ सुजला आणि ब्युगलवर पोरवयात सहज लागणारे वरचे सूरही लागेनात. चूक माझीच. मूळ पुस्तकात रोजच्या वॉर्म-अपचा असा वेगळा विभागच नाही. स्केल, दागिने, जिभेचं काम, ड्युएट, शेवटी घाम काढणाऱ्या व्हेरिएशन्स, सगळं आहे. पण ओठ थंड असताना कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं, हे ते पुस्तक तुमच्यावर सोपवतं. मास्तरांनी ते चाळून एवढंच विचारलं, ‘‘मधे थांबता किती वेळ?’’ मी थांबतच नव्हतो. आता जेवढा वेळ वाजवतो तेवढाच वेळ ट्रम्पेट मांडीवर ठेवतो.

हर्बर्ट क्लार्कच्या ‘टेक्निकल स्टडीज’ने (१९१२) मात्र पहिल्या आठवड्यापासून खूश केलं. पेटी शिकलेल्यांना एका वाक्यात सांगायचं तर हे पलटे आहेत. पहिला पाठ खालच्या एफ शार्पपासून अर्ध्या-अर्ध्या सुराने सी पर्यंत चढतो आणि तसाच उतरतो. पुढचा त्याहून अर्धा सूर वर. वाजवायचं अगदी हळू आवाजात, आणि एकेक पलटा एका दमात आठ ते सोळा वेळा! फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हळू आवाजाची अट म्हणजे वरदानच. माझी खरी अडचण जी शार्पवरून ए वर जाताना येते: दुसरा-तिसरा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) दाबलेला असताना अनामिका उचलायची आणि त्याच क्षणी तर्जनी दाबायची. सावकाश वाजवलं तर मधे एक भलताच सूर डोकावतो. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून तीन आठवडे एवढंच केलं, तेव्हा तो गेला.

जेम्स स्टॅम्पचं वॉर्म-अपचं पुस्तक तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी, पण एकट्याने घेऊ नये असं. आधी नुसत्या ओठांनी बझ (मिटल्या ओठांतून फुंकून भुणभुण), मग माउथपीसवर, मग ट्रम्पेटवर, आणि हळूहळू खाली पेडल टोनपर्यंत, म्हणजे ट्रम्पेटच्या नेहमीच्या सुरांच्याही खालच्या सुरांपर्यंत. गवयी सकाळी खर्ज भरतात, त्याची आठवण होते. साथीला पियानो हवा. माझ्याकडे आईची पेटी. पहिला आठवडा सूर काही जुळेना, तेव्हा लक्षात आलं की बी फ्लॅट ट्रम्पेटवर ज्याला सी म्हणतात तो सूर म्हणजे पेटीची काळी पाच, अर्थात बी फ्लॅट. हे डोक्यात बसलं की पेटीसारखा सोबती नाही. पुस्तकात समजावून सांगितलेलं मात्र थोडकं आहे. पेडल टोन काढताना मी ओठांचे कोपरे ढिले सोडत होतो. आवाज निघत होता म्हणून खुशीत होतो. मास्तरांनी आरशासमोर बसवलं तेव्हा कळलं.

कार्माइन कारुसोचं ‘म्युझिकल कॅलिस्थेनिक्स’ही आणलं होतं. माउथपीस ओठावरून हलवायचा नाही, श्वास नाकाने, पायाने ठेका, फुंक अखंड. गंमत म्हणजे कारुसो स्वतः सॅक्सोफोनवाला. चार दिवस केलं आणि ठेवून दिलं. माझ्या सर्दीच्या नाकाला ते झेपलं नाही.

सध्या सकाळी पाच मिनिटं पेटीबरोबर बझ, स्टॅम्पचा एक पाठ, विश्रांती, मग ब्युगलसारखे फक्त ओठाने बदलायचे सूर व्हॉल्व्हच्या सातही जोड्यांवर, मग क्लार्क. चहा होतो. त्यानंतर आर्बन वीस मिनिटं, बहुतेक वेळा ‘तु-तु-कु’ची, म्हणजे जिभेने भराभर सूर तोडायची पानं. प्रॅक्टिस म्यूट (आवाज दाबायला ट्रम्पेटच्या पुढच्या तोंडात बसवायचं बूच) लावून वॉर्म-अप करू नका. फुंकेला अडथळा होतो, सूरही थोडा चढतो आणि म्यूट काढल्यावर सगळं परकं वाटतं.

खर्चाचं: आर्बन १८८९ मध्ये गेला, क्लार्क १९४५ मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे दोघांच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेटवरून बिनधास्त घ्या. स्टॅम्प १९८५ मध्ये गेला, ते विकत घ्यावं लागतं. आर्बनचे दोन भाग करून स्पायरल बाइंडिंग करा, नाहीतर स्टँडवर उघडं राहत नाही. माझ्या झेरॉक्सवाल्याने पानं छोटी करून छापली. चाळिशीच्या डोळ्यांना शार्प आणि नॅचरलची चिन्हं सारखीच दिसतात.

क्लार्कचा पहिला पलटा सध्या एका दमात पाच वेळा जातो. आठ झाले की इथेच लिहीन.