युनिव्हर्सिटी लायब्ररीची बाहेरच्यांसाठीची मेंबरशिप: पावसाळा ते मार्च वापरून झाल्यावर

आधी सरळ सांगतो, एमपीएससीच्या अभ्यासाला शांत एसी जागा पाहिजे एवढ्यासाठी ही मेंबरशिप घेणार असाल तर घेऊ नका. तेवढ्यासाठी आता गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात, स्वस्त पडतात, रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात आणि खुर्ची तुमच्या नावावर असते. इथे युनिव्हर्सिटीच्या परीक्षा लागल्या की बाहेरच्या मेंबरला रीडिंग हॉल बंद. पोरांना जागा पाहिजे हे बरोबरच आहे, पण फी आपण बारा महिन्यांची भरलेली असते. आणि कथा-कादंबऱ्या वाचायच्या असतील तर ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे ना, १८९३ पासूनचं, त्याच्यापुढे इथला मराठी साहित्याचा कोपरा म्हणजे चार रॅक. मग ही कोणासाठी? ज्याला एखाद्या विषयाच्या मागे हात धुवून लागायचंय आणि ज्याचं गुगल संपलंय त्याच्यासाठी. लायब्ररीचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला अजून तिथे जायचंय. नवी मुंबईतली खासगी युनिव्हर्सिटी, ट्रान्स हार्बरच्या स्टेशनवरून शेअर रिक्षा, एवढं पुरे.

माझा विषय आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी घणसोलीचा, गावठाणातला, नोकरी महापे एमआयडीसीत. आमच्या घरात मिठागराच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० साली आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, हे आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे, दरवर्षी बॅनर लागतात. पण त्याच्या आधी खाडीकाठी नक्की काय होतं, कोणतं आगर (मिठागर) कुठे, बांध कोण घालायचं, उघाड्यांची, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दारांची, देखभाल कोणाकडे, मीठ कुठल्या बंदरातून जायचं, हे नेटवर शोधायला गेलं की एकाचंच दहा जणांनी कॉपी-पेस्ट केलेलं सापडतं. ज्यांनी स्वतः वाफ्यात मीठ ओढलं ती माणसं आता ऐंशीच्या पुढे गेलीत. एकजण म्हणाला फोर्टला राजाबाई टॉवरच्या लायब्ररीत जा. ती इमारत १८७८ ची, बघायला भारीच आहे, पण शनिवारी हाफ डे सुटून घणसोलीहून फोर्ट गाठायचं म्हणजे संध्याकाळ ट्रेनमध्येच जाते. म्हणून ही जवळची धरली.

मेंबरशिपला फॉर्म, आधार, एका प्राध्यापकाची नाहीतर राजपत्रित अधिकाऱ्याची सही, परत मिळणारं डिपॉझिट आणि वर्षाची फी. फी म्हणाल तर दोघं मॉलमध्ये पिक्चर बघून जेवून येतात त्याच्या आसपास. घरी एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवस, एकदा रिन्यू, रेफरन्सची पुस्तकं तिथेच बसून वाचायची. बॅग बाहेर प्रॉपर्टी काउंटरला. डबा आत नेऊ देत नाहीत, कॅन्टीन ठीक, वडापाव बाहेरचा खा.

आता ओपॅक, म्हणजे कॉम्प्युटरवरचा कॅटलॉग. सॉफ्टवेअर कोहा आहे, न्यूझीलंडमध्ये बनलेलं, फुकटचं आणि ओपन सोर्स, आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत तेच असतं. सॉफ्टवेअर चांगलंय, घोळ आहे तो आत भरलेल्या डेटात. नवी मराठी पुस्तकं देवनागरीत टाकलीत, जुनी सगळी इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आणि ते स्पेलिंग ज्या दिवशी जो बसला असेल त्याच्या मर्जीचं. आगरीला एक ए का दोन ए, मिठाला टी का डबल टी, सगळी कॉम्बिनेशन करून बघावी लागतात. त्यात ड्युईचे नंबर, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तक कुठल्या रॅकला लावायचं ते. मेल्विल ड्युईने ही दशांश पद्धत १८७६ साली काढली, ज्ञानाचे दहा भाग आणि पुढे पोटभाग, ते सगळं बरोबर, पण आमच्यासारख्या विषयाची त्यात पार खांडोळी होते. शहर कसं वसवलं ते ७११ ला, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला, मासेमारी ६३९.२ ला, आणि आगरी बोलीवर काही असेल तर ते भाषेच्या रॅकला, दुसऱ्या मजल्यावर. एकच गाव, एकच माणसं, पण पुस्तकं चार ठिकाणी. त्यामुळे ओपॅकवर एक नंबर सापडला आणि तिथलं पुस्तक घेऊन आलो असं करू नका, त्या रॅकच्या आजूबाजूला उभं राहून हाताने चाळा. इथे ओपन ॲक्सेस आहे, रॅकपर्यंत जाऊ देतात, हा मोठा प्लस पॉइंट.

पण खरं काम होतं माणसांमुळे. देवघेव काउंटरवरचे काका जरा तुसडे वाटतात, सुरुवातीला मला "बाहेरचे" म्हणूनच हाक मारायचे, अहो बाहेरचे, कार्ड दाखवा. आता आडनावाने मारतात. लेट फी एक रुपया सोडत नाहीत पण रिन्यूची तारीख जवळ आली की स्वतःहून आठवण करतात. स्टॅकमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या रॅकांमध्ये, एक दादा आहे, त्याला कॉल नंबर सांगायचीसुद्धा गरज नाही, "ते लाल बाइंडिंगचं जाडं का?" असं विचारतो आणि आणून देतो. ओपॅक म्हणतं पुस्तक उपलब्ध आहे आणि रॅकला नाही, असं इथे नेहमीचंच, तेव्हा कॉम्प्युटरशी भांडू नका, दादाला गाठा.

आणि रेफरन्सच्या मॅडम. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आहेत, १९३१ चे, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, आणि तो त्यांच्या टेबलामागे फ्रेम करून लावलाय. मला वाटलं शोभेला असेल. मी मिठागरं म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नकाशे पाहिजेत, माणसं पाहिजेत का हिशेब पाहिजेत?" असं मला आधी कोणीच विचारलं नव्हतं, मी स्वतःलापण विचारलं नव्हतं. मग त्यांनी १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचे, भाग काढून दिले, तेराव्या खंडाचे दोन भाग आणि चौदावा. गॅझेटियर नेटवर आहे हे मला माहीत होतं, पण स्क्रीनवर पान पान सरकवणं वेगळं आणि इंडेक्समध्ये बोट ठेवून दोन भाग शेजारी उघडून वाचणं वेगळं. मीठ, आगरी, बंदरं, कोळी, सगळं आहे. साहेबाच्या चष्म्यातून आहे, ते लक्षात ठेवूनच वाचायचं. जुन्या रिपोर्टांचं अजून एक, स्कॅन करणाऱ्याने बऱ्याचदा घडी घातलेला नकाशा उघडलेलाच नसतो, पीडीएफमध्ये नुसती घडीच दिसते. इथे नकाशा टेबलावर पसरता येतो.

खरा खजिना मात्र कॅटलॉगमध्ये नाहीच. एका दिवंगत प्राध्यापकांच्या घरच्यांनी त्यांचा सगळा संग्रह लायब्ररीला दिलाय, तो मागच्या एका खोलीत लोखंडी कपाटांत आहे. अजून ॲक्सेशन नंबर, म्हणजे लायब्ररीच्या नोंदवहीतले नंबर, पडलेले नाहीत म्हणून ओपॅकवर शून्य. मॅडमनी दोन-तीन शनिवार माझा अंदाज घेतला असावा, मग एकदा चावी घेऊन स्वतःच आत नेलं. १९६५ चा मार्ग या कला-वास्तुकलेच्या नियतकालिकाचा अंक, ज्यात आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता, आणि इंजिनियर शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवा म्हणून मांडणी केली होती तो. सिडकोचा १९७३ चा ड्राफ्ट डेव्हलपमेंट प्लॅन, ज्याचं नाव सगळे घेतात पण हातात घेतलेला माणूस मला आतापर्यंत भेटला नव्हता. तो वाचताना डोकं तापतं हे आधीच सांगून ठेवतो, इतक्या नीटनेटक्या इंग्रजीत आपली शेतं आणि आगरं कोणीतरी रंगवलेल्या चौकोनात बसवलेली बघणं सोपं नाही. आणि त्याच प्लॅनमध्ये विचार पण बराच केलाय हेही मान्य करावं लागतं, नुसत्या शिव्या घालून भागत नाही. पण मला सगळ्यात लागलं ते कात्रणांचं. गावागावाच्या वेगळ्या फाइली, दिवा, ऐरोली, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली, सुताची फीत बांधलेल्या, वर शाईत अक्षर. भूसंपादनाच्या नोटिसा, वाचकांची पत्रं, मोर्चाच्या चार ओळींच्या बातम्या. कात्रण उलटलं की मागे सिनेमाच्या अर्ध्या जाहिराती, त्यातच माझा एक अख्खा तास गेला. घणसोलीच्या फाइलमधल्या एका नोटिशीत आमच्या आळीतली आडनावं ओळीने दिसली. झेरॉक्स करू देत नाहीत, कागद पापडासारखा झालाय. मोबाइलने फोटो चालतो, फ्लॅश बंद करून, आणि रजिस्टरमध्ये सही.

थीसिसचं थोडक्यात. शोधगंगा सगळ्यांना माहीत असेलच, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची साइट, देशभरचे पीएचडी प्रबंध फुकट. पण मराठी प्रबंध बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन, त्यामुळे आत शब्द टाकून शोधलं की काहीच सापडत नाही. इथे रेक्झिन बाइंडिंगचे, सोनेरी अक्षरांचे प्रबंध हातात घेऊन शेवटची संदर्भसूची आधी वाचायची, मॅडमची टीप, लाखमोलाची आहे. ई-जर्नल्सच्या भानगडीत बाहेरच्याने पडू नये. केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना १ जानेवारी २०२५ पासून चालू झाली, ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास जर्नल्स त्यात आहेत, पण ती सरकारी संस्थांसाठी, ही खासगी. जी काही यांनी विकत घेतलीत तीपण कॅम्पसच्या वायफायवर, आणि बाहेरच्या मेंबरला वायफायचं लॉगिन मिळायला माझे चार महिने गेले, दर वेळी "आयटीला मेल टाकलाय."

कार्यक्रम होतात. १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन, यंदा जुन्या बाउंड व्हॉल्यूमचं प्रदर्शन लावलं होतं, छान होतं, पण पोरं सर्टिफिकेटसाठी आलेली. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, भाषणं लांबली. सगळ्यात कामाचा दिवस म्हणजे रद्दबातल पुस्तकांची विक्री. जुन्या आवृत्त्या, डबल कॉपी किलोच्या भावाने काढतात, नोटीस फक्त आतल्या बोर्डावर लागते, म्हणून काकांशी बोलणं ठेवा. स्टॉक व्हेरिफिकेशनला, म्हणजे पुस्तकांच्या मोजणीला, मात्र आठवडाभर देवघेव बंद असते आणि वेबसाइटवर एक ओळ टाकत नाहीत, मी रिक्षाचे पैसे घालवून दारातून परत आलोय.

मोठी तक्रार एकच. जुलैत मागच्या खोलीचं छत गळतं. कपाटांवर निळं प्लास्टिक आणि खाली बादल्या. एवढी काचेची नवी बिल्डिंग, खाली डिजिटल स्क्रीनवर दिवसभर स्वागताचे फोटो फिरतात आणि ज्या कागदांची दुसरी प्रत कुठे मिळेल सांगता येत नाही ते गळक्या खोलीत. मी लेखी तक्रार दिली, पोच घेतली, उत्तर नाही. मॅडमनी स्वतःच्या जबाबदारीवर फाइली वरच्या कप्प्यातून मधल्या कप्प्यात हलवल्या.

मॅडम जूनमध्ये रिटायर होतायत. कुठल्या कपाटात काय हे सध्या फक्त त्यांना माहीत, म्हणून डिसेंबरपासून लायब्ररी सायन्सच्या दोन ट्रेनी मुली आणि मी मिळून एक्सेलमध्ये यादी करतोय, शनिवारी दुपारी, देवनागरीत, स्पेलिंगचा घोळ नको म्हणून. ग्रंथपालांनी तोंडी परवानगी दिलीय, लेखी मागितलीय. रबाळेपर्यंत झालंय, गोठिवलीची फाइल सगळ्यात जाड आहे. मी मेंबरशिप रिन्यू करणार आहे. तुम्ही घेणार असाल तर मेच्या आत घ्या, मॅडम आहेत तोपर्यंत, आणि दिवा ते घणसोली पट्ट्यात कोणाच्या घरी मिठागराच्या पावत्या, जुने सातबारे, बांधाच्या हिशेबाच्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. शनिवारी दोननंतर घेऊन या, मूळ कागद ठेवून घेत नाहीत, आमचं काम फोटोवर भागतं.