मच्छे परिसरात जोडप्यांसाठी सामाईक घर : एका एजंटच्या सेवेविषयी

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा परिसर बेळगावजवळ खानापूर रोडवर मच्छे येथे असल्याने, तेथे शिकणाऱ्या आम्हा नवरा-बायकोला अनगोळ किंवा उद्यमबागच्या बाजूला, दुसऱ्या विद्यार्थी जोडप्याबरोबर भाडे वाटून घेता येईल असे घर हवे होते. या भागातील बहुतेक खोल्या एकट्या मुलांसाठी किंवा नोकरदार कुटुंबांसाठी राखलेल्या असतात, आणि दोन जोडपी एका स्वयंपाकघरात नांदणार म्हटले की घरमालक विवाहाचा दाखला मागतात. आमच्या एजंटने ही गोष्ट मालकीणबाईंशी आधीच बोलून ठेवली होती, याचे मला मनापासून कौतुक वाटते. घर पाहायला गेलो तेव्हा काकूंनी स्वतः मोरीतला नळ सोडून दाखवला आणि पाणी कोणत्या दिवशी येते, तेही सांगितले.

भाडेकरार अकरा महिन्यांचा झाला. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या कराराची नोंदणी सक्तीची असल्यामुळे हीच पद्धत सर्वत्र रूढ आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र ही सेवा अपुरी पडली. कर्नाटकातील गृहज्योती योजनेत दरमहा 200 युनिटपर्यंतच्या मोफत विजेचा लाभ भाडेकरूंनाही मिळतो, पण त्यासाठी हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलावरील ग्राहक खाते क्रमांक लागतो; तो मिळवून देण्याची जबाबदारी एजंटने घेतली नाही. दोन्ही जोडप्यांची नावे करारात असावीत, असा आग्रहही आम्हालाच धरावा लागला. डिपॉझिटची पावती त्याने मागताच दिली. स्वतंत्र न्हाणीघर हवे असणाऱ्यांनी ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.